साहेब बदलले तरी टिकणारा विश्वास

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांत एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाली की गावोगाव ठरलेले वाक्य ऐकू येते: 'साहेब चांगले होते, आता पुढचे कसे येतात बघायचे.' या वाक्यात गेलेल्या अधिकाऱ्याविषयी आदर आहे, पण त्यातच प्रशासनाच्या एका जुन्या दुखण्याची कबुलीही आहे. वारसाची नोंद, उताऱ्यावरील नावाची दुरुस्ती, विधवा वेतन, जातीचा दाखला ही कामे कायद्याने ठरलेली असतात आणि खुर्चीवरचा माणूस बदलल्याने त्यांचे नियम बदलत नाहीत. तरीही पुढचा साहेब कसा येतो याची धास्ती लोकांना वाटत असेल, तर त्यांचा विश्वास त्या व्यक्तीवर होता, कार्यालयावर नव्हता, असेच म्हणावे लागते. प्रशासनातील नैतिक नेतृत्व म्हणजे नेमके काय, हा पुस्तकी वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात इथे सुरू होतो.

नैतिक अधिकारी म्हटले की लाच न घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ती अट पहिली आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. स्वतः एक रुपयाही न घेणारा तहसीलदार फायलींवर महिनोन्महिने सही करत नसेल, खालच्या कारकुनाची चिरीमिरी दिसूनही न दिसल्यासारखे करत असेल किंवा वरून फोन आला म्हणून मागचा अर्ज पुढे ओढत असेल, तर त्याच्या वैयक्तिक स्वच्छतेचा अर्जदाराला काडीचाही उपयोग होत नाही. ब्रिटनमध्ये १९९५ साली लॉर्ड नोलन यांच्या समितीने सार्वजनिक जीवनासाठी सात तत्त्वे सांगितली. निःस्वार्थ वृत्ती, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा आणि प्रामाणिकपणा या सहांनंतर समितीने नेतृत्व हे सातवे तत्त्व वेगळे नोंदवले, कारण आधीचे सहा गुण आपल्यापुरते जपणारा माणूस आणि ते साऱ्या कार्यालयात रुजवणारा माणूस यांत अंतर असते. भारतात २००५ साली नेमलेल्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचे अध्यक्ष कर्नाटकाचेच माजी मुख्यमंत्री वीरप्पा मोइली होते, आणि या आयोगाचा जानेवारी २००७ मधील चौथा अहवाल शासनातील नीतिमत्तेवर आहे. आचारनियमांच्या जोडीला नीतिसंहिता हवी, असे त्यात सुचवले होते. आचारनियम भेटवस्तू, मालमत्तेचे विवरण, राजकीय पक्षाचे काम अशा गोष्टींची कुंपणे घालून देतात. पण नियमाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवलेल्या असतात तेव्हा कोणती धरावी, याचे उत्तर त्यांत सापडत नाही.

आणि खरी कसोटी तर अशाच जागी लागते. ऑगस्ट २०१९ मधला पूर बेळगाव जिल्ह्यातील लोक विसरलेले नाहीत. कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या पाण्याने चिक्कोडी, अथणी, गोकाक, रामदुर्गपर्यंतच्या गावांत घरे पाडली. राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि नुकसानीच्या प्रमाणानुसार घरांचे ए, बी आणि सी असे वर्ग ठरवले. कागदावर ही रचना स्वच्छ दिसते. मात्र नदीकाठच्या गावातील मातीच्या भिंती कशा पडतात हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या लक्षात येईल की पाणी ओसरताना भिंत उभी असते, आतून भिजून फुगलेली असते आणि पंधरा दिवसांनी उन्हाला तडकून कोसळते. पाहणीचे पथक कोणत्या दिवशी आले यावर त्या घराचा वर्ग ठरू शकतो, आणि वर्गानुसार मदतीची रक्कम कितीतरी बदलते. इथे पथकाने कोणताही नियम न मोडता एका कुटुंबाला तारता येते आणि दुसऱ्याला बुडवता येते. यालाच विवेकाधिकार म्हणतात, आणि तो पूर्णपणे काढून टाकता येत नाही, कारण जगातली प्रत्येक भिंत आधीच नियमात लिहून ठेवता येत नाही.

रॉबर्ट क्लिटगार्ड या अर्थशास्त्रज्ञाने १९८८ साली भ्रष्टाचाराचे एक सूत्र मांडले: मक्तेदारी अधिक विवेकाधिकार, वजा उत्तरदायित्व. सूत्र ढोबळ आहे, पण पुराच्या उदाहरणाला ते चपखल बसते. पाहणी करणारे पथक एकच, म्हणजे मक्तेदारी आली. वर्ग ठरवण्याची मोकळीक, म्हणजे विवेकाधिकार आला. आता अधिकाऱ्याच्या हाती उरते ते उत्तरदायित्व वाढवणे. कोणत्या घराला कोणता वर्ग दिला आणि का दिला, याची यादी पंचायतीच्या भिंतीवर लावणे, हरकतींसाठी आधी जाहीर केलेला दिवस ठेवणे, फेरपाहणीला पहिल्या पथकातील माणसे न पाठवणे आणि भिंत नंतर कोसळली तर पुन्हा अर्ज करण्याची वाट उघडी ठेवणे, ही कामे करायला नवा कायदा लागत नाही आणि मोठा खर्चही येत नाही. ती करायची की नाही हे वरिष्ठाच्या इच्छेवर असते, म्हणूनच मी त्यांना नेतृत्वाची कामे म्हणतो.

मदत कमी मिळालेला माणूस अशा यादीने समाधानी होईल का, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी १९८०च्या दशकात शिकागोतील नागरिकांना पोलिस आणि न्यायालयांच्या अनुभवांविषयी विचारले, तेव्हा त्यांना आढळले की निकाल आपल्या बाजूने लागला की विरुद्ध, यापेक्षा निकाल कोणत्या पद्धतीने लागला याचा लोकांच्या विश्वासावर अधिक परिणाम होतो. आपले म्हणणे ऐकून घेतले का, सर्वांना एकच माप लावले का, आपल्याशी मानाने बोलले का आणि निर्णय घेणाऱ्याचा हेतू सरळ वाटला का, या गोष्टी माणूस लक्षात ठेवतो. आपल्याकडे याचा पडताळा घ्यायला संशोधकाची गरज नाही. 'काम झालं नाही, पण माणसानं बसवून घेऊन सगळं समजावून सांगितलं' असे म्हणत तहसील कार्यालयाच्या पायऱ्या उतरणारा म्हातारा आणि काम होऊनही 'चार हेलपाटे घालायला लावले' असे म्हणणारा तरुण, दोघेही आपण पाहिलेले असतात.

विवेकाधिकार जिथे अनावश्यक आहे तिथे तो काढून टाकणे हा दुसरा मार्ग, आणि या बाबतीत कर्नाटकाचे नाव देशभर घेतले जाते. 'भूमी' प्रकल्पाने राज्यातील १७७ तालुक्यांतील सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या २ कोटी जमीन नोंदी संगणकावर आणल्या आणि हाताने लिहिलेला उतारा बाद ठरवून तालुक्याच्या केंद्रावर सुरुवातीला १५ रुपयांत छापील उतारा मिळू लागला. तोवर आपल्याच जमिनीचा कागद पाहायला तलाठ्याची मर्जी सांभाळावी लागे. तो गावात नसला तर दिवस फुकट जाई. उताऱ्याइतकाच महत्त्वाचा बदल खातेबदलाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील नाव बदलण्याच्या, अर्जांत झाला, कारण संगणक आधी आलेला अर्ज आधी पुढे सरकवतो. गिरणीत डबे रांगेने ठेवलेले असावेत आणि गिरणीवाल्यालाही मधला डबा उचलता येऊ नये, तशी ही सोय आहे. मात्र मोजणीत बांध कोठे धरला, वारसांपैकी कोणाचे नाव सुटले, जुन्या नोंदीतील चूक नव्या संगणकात जशीच्या तशी उतरली का, हे प्रश्न तिथेही माणसाकडेच येतात. यंत्राने रांग सांभाळली तरी रांगेच्या शेवटी बसलेल्या माणसाचा न्याय यंत्र करू शकत नाही.

'सकाल' योजनेचेही तसेच. २०११ च्या सेवा हमी कायद्यावर उभी असलेली ही योजना एप्रिल २०१२ पासून राज्यभर लागू झाली. अर्ज दिला की क्रमांक असलेली पोच मिळते, त्या सेवेची मुदत ठरलेली असते, आणि मुदत उलटली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण तिचा बोजा दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यावर टाकता येतो, हे महत्त्वाचे. तरीही मुदत पाळण्याचा एक सोपा आणि वाईट मार्ग उरतोच: शेवटच्या दिवशी अर्ज नाकारायचा. निकालात काढलेल्या अर्जांच्या आकड्यात नाकारलेला अर्जही शोभून दिसतो. म्हणून एखादे कार्यालय किती वेगाने काम करते यापेक्षा, नाकारताना ते काय लिहिते, हे मी आधी पाहीन. 'कागदपत्रे अपुरी' एवढे दोन शब्द लिहिणारे कार्यालय आणि 'मृत्यूच्या दाखल्यावरील नाव व उताऱ्यावरील नाव जुळत नाही, प्रतिज्ञापत्र जोडावे' असे लिहिणारे कार्यालय यांत अर्जदाराच्या एका महिन्याचा फरक असतो. निर्णयाची कारणे संबंधित व्यक्तीला कळवणे ही केवळ सौजन्याची बाबही नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे ते प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाचे कर्तव्य आहे.

कारण लिहिले, पण ते वाचता येत नाही, हा सीमाभागाचा खास प्रश्न आहे. कर्नाटकाची राजभाषा १९६३ च्या कायद्याने कन्नड आहे आणि कार्यालयाने कन्नडमध्ये कारभार करणे यात काही वावगे नाही. पण खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावातील, मराठी शाळेत शिकलेल्या साठीच्या शेतकऱ्याच्या हाती कन्नड नोटीस पडते तेव्हा तिच्यातील हरकतीची मुदत त्याच्यासाठी अस्तित्वातच नसते. तो नोटीस घेऊन कार्यालयाबाहेरच्या एजंटाकडे जातो आणि एजंट वाचून दाखवण्याचे, अर्ज लिहिण्याचे आणि 'आत बोलून ठेवण्याचे' पैसे घेतो. आतल्या कोणीही लाच घेतलेली नसते, तरी गावात मात्र 'तिथे पैशाशिवाय काम होत नाही' हेच पसरते.

कायद्याने याचा विचार केलेला आहे, निदान अर्धा. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणे मांडणारे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. उत्तर मात्र त्याच भाषेत मिळेल, असे त्यात म्हटलेले नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-ब आला आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमण्याची तरतूद झाली. या आयुक्तांचे एक विभागीय कार्यालय बेळगावात दीर्घकाळ होते. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक किमान १५ टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असा संकेत केंद्राच्या त्याच काळातील योजनेत आहे. तो न्यायालयात सहजी बजावून घेता येत नाही, त्यामुळे तो पाळला जातो की नाही हे पुन्हा जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या प्रमुखांवर येऊन ठेपते. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच द्यावा लागतो, हे अनेकांना अर्ज परत आल्यावरच कळते.

सीमावादाच्या मूळ प्रश्नात इथे शिरण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल तिथेच लागायचा आहे. पण या वादाचा प्रशासनावरील विश्वासावर होणारा परिणाम समजून घेतला पाहिजे. जिथे फलकाच्या भाषेवरून तंटा होतो तिथे साधा खातेबदलाचा निर्णयही 'त्यांच्या बाजूचा' किंवा 'आपल्या बाजूचा' म्हणून वाचला जातो. मग लोक न्यायापेक्षा 'आपला माणूस' शोधू लागतात. मराठी बोलणारा कारकून भेटला की हायसे वाटते, आणि ते स्वाभाविक आहे; परंतु आपल्या माणसाच्या भरवशावर झालेले काम हे विश्वासाचे लक्षण नसून त्याच्या अभावाचे आहे. ज्याचा असा कोणी माणूस आत नाही, त्याच्या वाट्याला काय येते? सीमेच्या पलीकडे, महाराष्ट्रात, जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड भाषकांचा अनुभव आरशात पाहिल्यासारखा याच जातीचा असतो. निपाणीतील मराठी माणसासाठी मागितलेली सोय जतमधील कन्नड माणसाला द्यायला आपण तयार असू, तरच ती मागणी नीतीची ठरते. नाही तर ती फक्त गटाची ओढ राहते.

या परिस्थितीत नेमणुकीवर आलेल्या अधिकाऱ्याला, मग तो म्हैसूरकडचा असो की बिदरचा, राजभाषेचा नियम न मोडता बरेच काही करता येते. नोटिशीवर मुदत आणि करायची कृती एवढ्या दोन गोष्टी मराठीत छापता येतात. अर्ज घेण्याच्या खिडकीवर दोन्ही भाषा येणारा कर्मचारी बसवता येतो. गाऱ्हाण्याच्या दिवशी दुभाष्या ठेवता येतो, आणि तो दुभाष्या स्थानिक पुढारी नसेल याची काळजी घेता येते. या शेवटच्या गोष्टीवर माझा विशेष भर आहे. मध्यस्थाने दोन्हीकडे वेगवेगळे बोलायचे आणि उपकार मात्र स्वतःच्या नावावर जमा करायचे, हा प्रकार सीमाभागातील अनेक पुढारीपणांचे भांडवल राहिला आहे, आणि त्यात भाषेचा भेद नाही.

व्यक्तीवर उभा राहिलेला विश्वास किती लवकर ढासळतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण कर्नाटकाच्या लोकायुक्त संस्थेचे आहे. १९८४ च्या कायद्याने ती अस्तित्वात आली, पण घराघरांत पोहोचली ती २००१ ते २००६ या काळात न्यायमूर्ती एन. वेंकटाचल यांच्या अचानक भेटींमुळे. सरकारी दवाखान्यात, कार्यालयात लोकायुक्त स्वतः येतात, ही गोष्टच लोकांना नवी होती. त्यांच्यानंतर न्यायमूर्ती संतोष हेगडे आले. जून २०१० मध्ये सरकार सहकार्य करत नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि नंतर मागे घेतला, आणि जुलै २०११ मध्ये बेकायदा खाणींवरचा त्यांचा अहवाल आल्यावर तत्कालीन मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. देशभर या संस्थेचे दाखले दिले जाऊ लागले. पुढे चारच वर्षांत लोकायुक्त कार्यालयाच्या नावानेच अधिकाऱ्यांकडून खंडणी मागितली जात असल्याचे आरोप झाले आणि डिसेंबर २०१५ मध्ये तेव्हाच्या लोकायुक्तांनी राजीनामा दिला. मार्च २०१६ मध्ये सरकारने भ्रष्टाचाराच्या तपासासाठी स्वतःच्या अखत्यारीतील वेगळा विभाग काढला. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द करून अधिकार पुन्हा लोकायुक्तांकडे सोपवले. कायदा तोच, इमारत तीच आणि लोकांचा विश्वास मात्र दोन टोकांना. रखवालदारावर कोणाची नजर असावी, याची सोय संस्था उत्तम चालली होती त्या काळातच करून ठेवायला हवी होती. ती तेव्हा कोणाला सुचली नाही, कारण तेव्हा तिची गरज भासत नव्हती.

चांगल्या अधिकाऱ्याच्या मागे काय उरते, याचे उत्तर बहुतेक वेळा कागदावर असते. टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सांगितले की अधिकाऱ्यांनी वरिष्ठांच्या किंवा राजकीय व्यक्तींच्या तोंडी आदेशांवर काम करू नये, ते लेखी नोंदवावेत, आणि अधिकाऱ्याला एका जागी किमान कालावधी मिळावा. फोनवरून 'तेवढं बघून घ्या' असे सांगितले जाते तेव्हा त्याची नोंद फायलीत करणारा अधिकारी स्वतःला तर वाचवतोच, पण पुढच्या अधिकाऱ्यासाठीही एक पायंडा पाडतो. फोन करणाऱ्यालाही मग आपले नाव कागदावर येईल हे ठाऊक असते आणि फोन आपोआप कमी होतात. याची किंमत अनेकदा बदलीच्या रूपाने मोजावी लागते, हे खरे आहे, आणि ती किंमत मोजायला प्रत्येकाने तयार असावे असे घरी बसून सांगणे सोपे आहे.

नागरिकांच्या बाजूचा हिशेबही मांडायला हवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, मात्र लाच देणे भाग पाडले गेले असेल आणि ७ दिवसांच्या आत तक्रार केली असेल तर सूट आहे. ही सूट माहीत नसल्याने बरेच लोक गप्प बसतात. दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. कर्नाटकात प्रत्येक ग्रामपंचायतीत दरवर्षी जमाबंदी होते, म्हणजे वर्षभराच्या कामांचे आणि खर्चाचे दप्तर गावापुढे ठेवून झालेली कामे प्रत्यक्ष पाहण्याची पद्धत नियमात आहे. गटार खरेच बांधले का, दिवे किती लावले, बिलावर किती दाखवले, हे तिथे विचारता येते, आणि पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला, उत्तर द्यावे लागते. बहुतेक गावांत या सभेला सदस्य, कर्मचारी आणि चार वयस्कर माणसे एवढेच येतात. वहीतल्या नोंदी कन्नडमध्ये असल्या तरी आकडे वाचायला आणि गटार मोजायला भाषेची अडचण येत नाही.